ती इथे राहत नाही

आधी माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही, आणि चौथीनंतर मी सहीशिवाय फारसं काही लिहिलेलं नाही. मुलाची बारावीची अर्धी कोरी वही घरात पडून होती, तिच्यात लिहिते आहे. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, देवासमोर हात जोडून तोंडातल्या तोंडातसुद्धा कधी म्हटलेलं नाही. तुम्ही कोण आहात मला माहीत नाही. बहुतेक कोणीच नसाल. तरी एक सांगून ठेवते — मला बिचारी म्हणायचं असेल तर वही इथेच मिटा. मी बिचारी नाही.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. घराच्या मागच्या अंगाला एक कूड आहे, म्हणजे खोली, तिला स्वतःचं दार. खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे ट्रकवाले राहायचे. खाणी थांबल्या, ट्रकवाले गेले, खोलीत आम्ही नारळ टाकायचो. मग हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडचं एक कुटुंब भाड्यानं आलं. बाप टेम्पो चालवायचा. आई सुलोचना, ती काजूच्या कारखान्यात जायची. आणि एक मुलगी, दर्शना. ती डिचोलीला कॉलेजात होती.

मला ती पोरगी आवडत नव्हती. का, ते विचारू नका — म्हणजे विचारा, पण पहिल्यांदा विचाराल तर मी खोटं सांगेन. ती मोठ्यानं हसायची म्हणून, असं सांगेन. तिचे केस आमच्या बालदीत मिळायचे म्हणून, असं सांगेन. खरं असं की माझा मुलगा बारावीला दोनदा बसला आणि आता फोंड्याला एका कारखान्यात खोकी उचलतो. आणि माझ्या मागच्या खोलीत, भाडं देऊन राहणाऱ्या बाईची मुलगी संध्याकाळी जनेलात, म्हणजे खिडकीत, बसून इंग्रजी मोठ्यानं वाचायची. आमच्या जनेलात. लाकूड आमचं, गज आमचे.

त्या वर्षी निवडणूक होती. कॉलेजात पोरांचं एक मतदार मंडळ निघालं आणि दर्शना त्यात पुढे. अठरा पूर्ण झालेल्या पोरांची नावं यादीत घालायची, फॉर्म भरून द्यायचे, मतदानाला चला म्हणून पाठीस लागायचं — हे काम. तिला एक बिल्ला मिळाला होता. तो ती आंघोळ करून आल्या आल्या लावायची. घरातल्या कपड्यांवरसुद्धा. आमच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, त्या पोरांनी रंगवलेले पुठ्ठे वाळत पडायचे, आणि मी पाय ठेवायला जागा शोधत कपडे वाळत घालायला जायचे. एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, ‘गप्प बसणे हा गुन्हा आहे’. मी तो वाचला. मला वाचता येतं. मी जन्मभर गप्प बसलेली बाई — चार माणसांत मला घाम फुटतो, दुकानात फसवणूक झाली तरी मी शब्द काढत नाही, पोदेरानं एक पाव कमी दिला तर कमीच घेऊन घरात येते. आणि ही कालची पोरं माझ्या सोप्यावर मला गुन्हेगार लिहून वाळत घालणार?

एका रविवारी ती सगळी पोरं आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, आली. ढोल होता. आधी त्यांनी एक नाटुकलं केलं. त्यात एक पोरगा दारूची बाटली घेऊन मत विकतो आणि एक पोरगी त्याच्या कानाखाली मारते. लोक हसले. मग पोरं घरोघर फिरू लागली, कोणाचं नाव यादीत आहे, कोणाचं नाही, हे मोबाईलवर बघत. मी आत निघाले होते. दर्शनानं हात धरला.

“काकी, तुमचा नाव बघूया.”

माझं नाव आमच्या गावच्या यादीत नव्हतं. तिनं पुन्हा शोधलं, मग कुठे ते पेडण्यात सापडलं, माझ्या माहेरच्या गावी. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती. ते नाव तिकडेच राहून गेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या निवडणुकीला नवरा म्हणाला होता, एका बटणासाठी पेडण्यापर्यंत कोण जाणार? मी हो म्हटलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही आणि मीही नाही.

“म्हणजे तुमी अजून एकदा पण मत घालूक नाय?” दर्शना म्हणाली. मोठ्यानं. तिला हळू बोलताच येत नव्हतं. “काकी! चोवीस वर्सा?”

तिच्याबरोबरचा एक पोरगा म्हणाला, “आमची आजी मरून सहा वर्षं झाली, तिचं नाव अजून बरोबर जागेवर आहे. तुम्ही जिवंत असून हरवलात.”

सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले, हे मला तेव्हाही कळत होतं. समोरच्या घरातली सुमतीबाय दारात उभी होती, तीही हसली. म्हणाली, “अगो, तिका तोंड आसा तेंच आमकां खबर ना, मत खंयचें घालतली?” मग तर ढोलवालासुद्धा हसला. मी पण हसले. हसण्याशिवाय काय करणार होते?

दर्शना मात्र हसली नाही. तिनं पोरांना दटावलं. मला आत खुर्चीवर बसवलं, पाणी आणून दिलं — माझ्याच घरात, माझ्याच माठातलं — आणि म्हणाली, चिंता नको, तुमचं नाव मी इकडे आणते. नाव हलवायचा एक फॉर्म असतो. तिनं तो भरला. माझा फोटो काढला, दोनदा, कारण पहिल्यात मी डोळे मिटले होते. सही करायला सांगितली. मी सही करताना ती वाकून बघत होती. म्हणाली, “काकी, चौथीपर्यंत शिकलास ना? अक्षर कितकां बरा आसा.”

तुम्हाला वाटेल, ही दया होती, हिला गोड वाटलं असेल. मला ती दया घशात अडकली. हसणारी पोरं मी त्याच संध्याकाळी विसरले. ते ‘बरा आसा’ मी विसरले नाही.

तिची स्वतःची अठरा वर्षं त्याच महिन्यात पूर्ण झाली होती. आपलाही फॉर्म ती त्याच दिवशी भरणार होती. पत्त्याच्या जागेवर येऊन थांबली. “काकी, तुमच्या घराचो नंबर घातलंय तर चलात मां?”

मी मान हलवली. हो म्हणून. हे लक्षात ठेवा. मी हो म्हटलं होतं.

नवऱ्याला दुसऱ्या दिवशी कळलं, तेव्हा तो जेवता जेवता उठला. आमच्याकडे ही एक भीती घरोघर आहे. दुसऱ्याच्या जागेत वर्षानुवर्षं राहणाऱ्याला मुंडकार म्हणतात, आणि कायद्यानं मुंडकाराला त्या घरावर हक्क मिळतो. कोर्टात गेलेली अशी घरं प्रत्येकाला माहीत असतात. म्हणून भाडेकरूला लोक अकरा महिन्यांनी कागद नवा करायला लावतात, लाईटचं बिल त्याच्या नावावर करत नाहीत, आणि यादीत त्याचं नाव आपल्या घराच्या नंबरावर चढू देत नाहीत. “भाडेकरूचें नांव आमच्या घर नंबराचेर? फाल्यां कूड तांचीच जातली,” नवरा म्हणाला. इथलं नाव घालू नका म्हणून त्यांना सांग, तो मला म्हणाला. मी सांगितलं नाही. तोंड उघडायची लाज. तो दोनदा ओरडला, मग कामाला लागला आणि विसरला.

म्हणजे आता तुम्ही म्हणाल, घराच्या भीतीनं केलं. इतकी वर्षं मीही स्वतःला हेच सांगत आले. सोयीचं आहे. घर वाचवणाऱ्या बाईला कोण वाईट म्हणेल? पण नवऱ्याचं ओरडणं मी जेवणाची ताटं उचलता उचलता विसरले होते. मुंडकार-बिंडकार माझ्या डोक्यात नव्हतं. ते मास्तर आले तेव्हा मी कायद्याचा विचार करत होते असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मास्तर — हो, आता सांगते. किती फिरवणार?

आमच्या भागातल्या यादीचं काम एक प्राथमिक शाळेचे मास्तर बघायचे. फॉर्म आला की घरी येऊन खात्री करायची, माणूस खरंच तिथे राहतो का. ते सकाळी अकराच्या सुमारास आले. नवरा कामावर. दर्शना कॉलेजात, सुलोचना कारखान्यात, मागच्या खोलीला कुलूप. मी एकटी होते, हाताला तांदळाचं पीठ. मास्तर सोप्यावर बसले. त्यांच्याजवळ दोन कागद होते. पहिला माझा.

माझं नाव वाचलं, नवऱ्याचं नाव विचारलं, पेडण्याहून इकडे आलं ना, म्हणाले. मी मान हलवली. त्यांनी बरोबरची खूण केली. इतकं सोपं. चोवीस वर्षांचं एका खुणेत झालं.

मग दुसरा कागद वर घेतला. “आणि ही दर्शना, हांगाच रावता मगो?”

ते माझ्याकडे बघत होते. पेन उघडं होतं. मला तुम्हाला सांगता येत नाही ते कसं होतं. सरकारचा माणूस माझ्या सोप्यावर बसून, माझ्या तोंडाकडे बघत थांबला होता. मी काय म्हणेन ते लिहायला. माझा नवरा नाही, सुमतीबाय नाही, ती पोरगीही नाही. मी.

“ना,” मी म्हटलं. “ती हांगा राविना. दोडामार्गाक आसता. येता-वता.”

माझा आवाज कापला नाही. आयुष्यात पहिल्यांदा कापला नाही.

मास्तर म्हणाले, आधार कार्डावरही तिकडचाच पत्ता दिसतो. मागे कोणाचं सामान आहे, विचारलं. मी म्हटलं, आईबापाचं. दोरीवर तिची ओढणी वाळत होती. पिवळी. ती माझ्या आणि मास्तरांच्या मध्ये हलत होती, आणि मी तिच्याकडे बघत बोलले. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘इथे राहत नाही’, आणि म्हणाले, सही करणार का, चौकशी कोणाकडे केली ते लागतं. मी हात पदराला पुसले. सही केली. नीट, सावकाश, पूर्ण नाव. बऱ्या अक्षरात.

मग त्यांना चहा दिला.

पश्चात्ताप झाला का? नाही. त्या दिवशी नाही. त्या दिवशी मला भूक लागली आणि मी पोटभर जेवले. संध्याकाळी ती आली आणि सोप्यावरूनच ओरडली, “काकी, कोण इल्लो काय?” मी म्हटलं, माझ्या फॉर्मासाठी मास्तर आले होते, झालं काम. तिनं मला मिठी मारली. आणि तिच्यासाठी? तिनं विचारलं. मी म्हटलं, काही बोलले नाहीत.

यादी आली तेव्हा तिच्या वर्गातल्या सगळ्या पोरांची नावं होती. तिनं भरलेले फॉर्म, एकूण एक. माझं होतं. तिचं नव्हतं. तिनं मोबाईलवर कितीदा बघितलं असेल — आपलं नाव, बापाचं नाव, वय, पुन्हा आपलं नाव. पुन्हा अर्ज करायची मुदत संपली होती. ती डिचोलीच्या कचेरीत गेली. तिथे म्हणाले, चौकशीत तू तिथे राहत नाहीस असं कळलं. कोणी सांगितलं? ते सांगत नाही, म्हणाले. शेजारीपाजारी.

कॉलेजात काय झालं ते सुलोचनेकडून कळलं. पोरांनी तिला गप्प केलं नाही, कोणी काढलंही नाही. फक्त एक मुलगी म्हणाली, “तूं भायली मगे. भायल्यांनी आमकां मत घालूंक शिकोवचें?” भायली म्हणजे बाहेरची. दर्शनानं बिल्ला काढून दप्तरात टाकला. सभेपुरता लावायची, आणि मग काढायची.

आणि आता दुसरं. कारण एकावर थांबलं नाही. ‘शेजारीपाजारी’ म्हटल्यावर सुलोचनेच्या डोळ्यांसमोर कोण येणार? मी येणार? जी तोंड उघडत नाही ती? सुमतीबायच. ती त्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं हसली होती, आणि भाडेकरू लोकांवर तिचा राग होताच. सुलोचना पोरीसाठी नळावर तिच्या पुढे जाऊन उभी राहिली. “आमच्या चेडवान तुमचा काय वायट केल्यान गे?”

“हांवें कोणाक कायेंच सांगूंक ना,” सुमतीबाय म्हणाली. “म्हज्या देवाची शपथ.”

“शपथ घेतास? उद्या तुमच्या चेडवाक सांगतले तू खयची म्हणान, तेवा कळात!”

कळशी आपटली. शिव्या झाल्या. वाड्यावरच्या बायका दोन्ही बाजूंनी धरून उभ्या. मी माझी कळशी नळाखाली धरून उभी होते. भरली तरी धरून होते, पाणी पायांवर वाहत होतं. एक वाक्य पुरलं असतं. सुमतीबायनं माझ्याकडे बघून म्हटलंही, “तूं तरी सांग गो, हांव अशी आसां?” मी काय केलं? मी खाली बघितलं. आणि सगळ्यांना वाटलं, ही बिचारी भांडणाला घाबरते.

त्या दिवसापासून दोन्ही घरं बोलली नाहीत. सुमतीबाय माझ्याशी मात्र बोलते. अजून बोलते. गणपतीत चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, पाठवते.

मतदानाच्या दिवशी दर्शना शाळेच्या बाहेर होती. म्हाताऱ्यांना हाताला धरून आणायचं, खुर्ची सरकवायची, रांग सांगायची — ही कामं त्या पोरांना होती. मी जाणार नव्हते. ती घरी येऊन मला घेऊन गेली. वाटेत समजावत होती, आत काय करायचं, कुठे बघायचं, बटण दाबल्यावर आवाज येईल तोपर्यंत थांबा. “कोणाक घालायचा ता मी सांगूचंय नाय. ता तुमचा.” दारापर्यंत आली आणि थांबली. तिला आत जाता येत नव्हतं. तिच्या पुढून तिच्या वर्गातली पोरं आत जात होती, बाहेर येत होती.

मी आत गेले. बोटाला शाई लावली. आवाज आला. कोणाला मत घातलं ते लिहीत नाही. खरं तर आठवतही नाही, वरून कितवं ते सुद्धा. मी बटणाकडे बघत नव्हते, दाराकडे बघत होते.

बाहेर त्या पोरांचा फोटो चालला होता, सगळ्यांनी बोटं वर केलेली. फोटो दर्शना काढत होती. मला ओढून तिनं मधोमध उभं केलं. “काकींचा पयला मत!” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बोट वर केलं. तिच्या चेहऱ्यासमोर मोबाईल होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

पावसाळ्याआधी त्यांनी खोली सोडली. नळावर रोज सुमतीबायचं तोंड बघायचं, ते सुलोचनेला सोसेना. आमोण्याकडे कुठे तरी खोली मिळाली. जाताना माझ्या नवऱ्यानं डिपॉझिटातले अर्धे पैसे ठेवून घेतले. म्हणाला, जनेलाचं लाकूड खराब केलं, भिंतीला खिळे मारले. त्या जनेलाला काही झालेलं नव्हतं. सुलोचनेनं दिले तेवढे पैसे पिशवीत ठेवले. भाडेकरूनं कुठे बोलायचं? मी तिथेच होते, दाराच्या आड.

ते अडवून ठेवलेले पाच हजार मी दिले. नवऱ्याला न सांगता. आबोलीच्या वळेसऱ्या, म्हणजे गजरे, गुंफून विकते, त्यातले. कधी पाचशे, कधी हजार, डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात सुलोचना भेटायची तेव्हा. पहिल्यांदा ती घेईना. मी म्हटलं, यांनी दिलेत. एक खोटं आणखी, माझ्यासाठी ते आता जड नव्हतं.

शेवटचे पाचशे दिले त्या दिवशी मी दर्शनाबद्दल विचारलं. कॉलेज संपत आलंय, म्हणाली, डिचोलीत एका दुकानात हिशोबाला बसते. आणि नाव? नव्या जागी नाव घातलं का यादीत?

“खय घालता,” सुलोचना म्हणाली. “मी दोनदा सांगितलंय. ती म्हणता, मी खयची ता आधी कोणीतरी ठरांदे, मगे फॉर्म भरतंय.” मग तिनं माझा हात धरला. “तुमच्याबद्दल मात्र अजून बोलता हां. म्हणता, त्या वाड्यार एकच मनीस होता, काकी.”

मी हात सोडवून घेतला नाही. तिला धरू दिला. सांगायची हीच वेळ होती, आणि मी म्हटलं, पैसे मोजून घ्या.

तिनं मोजले. म्हणाली, पुरे पाच हजार झाले, आता काही राहिलं नाही. मी म्हटलं, हो, सगळे फिटले.